नीळ

नीळ : (गुळी, सं. नीली, नीलिनी, हिं. व बं. नील, गु. गळी, लॅ. इंडिगोफेरा टिंक्टोरिया, कुल–लेग्युमिनोजी, उपकुल–पॅपिलिऑनेटी). उष्ण कटिबंधातील एक सपुष्प क्षुप (झुडूप) आणि त्याच्या पानांपासून काढलेला निळा रंग या दोहोंना मराठीत नीळ म्हणतात. रंगाला गुळी असेही जुने नाव आहे. कृत्रिम रंग उपलब्ध होण्यापूर्वी सुती कापडास पक्का निळा रंग देणारे याच्याइतके सोयीचे दुसरे द्रव्य नव्हते. त्यामुळे या लहानशा झुडपास जागतिक व्यापारात फार मोठे महत्त्व आले. भारताच्या इतिहासात मात्र नीळ विशेष उल्लेखिली जाते ती तिच्या लागवडीच्या पद्धतीमुळे. आपल्या शेतात काय पेरावयाचे हे ठरविण्याचा अधिकार कसणाऱ्याचा की पैशाची उचल देणाऱ्याचा, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात बंगालमध्ये आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी बिहारमध्ये या पिकाच्या निमित्ताने उभा राहिला.

वनस्पतिवर्णन : इंडिगोफेरा ही शिंबावंत (शेंगा येणाऱ्या) वनस्पतींतील एक मोठी प्रजाती असून तीत सु. ७५० जातींचा समावेश होतो. तथापि रंगासाठी त्यांपैकी मोजक्याच जाती लागवडीत आल्या. भारतीय नीळ हे सु. १ ते २ मी. उंच, सरळ वाढणारे व अनेक फांद्या असलेले क्षुप आहे. पाने एकाआड एक, संयुक्त व विषमदली पिसासारखी असून दलांच्या साधारणतः चार ते सात जोड्या व टोकास एक दल असते. दले लहान व लंबगोल असून वाळल्यावर त्यांवर निळसर काळी छटा येते. फुले लहान, गुलाबी ते तांबूस, पतंगरूप असून पानांच्या बगलेतील मंजऱ्यांवर येतात. केसरदले दहा व दोन संघांत असतात. शेंगा बारीक, दंडगोलाकार, २ ते ३·५ सेंमी. लांब व काहीशा वाकलेल्या असतात. मुळांवर सूक्ष्मजंतूंच्या गाठी असून त्यांच्या द्वारे हवेतील नायट्रोजन जमिनीत स्थिर होतो.

मध्य व दक्षिण अमेरिकेत इं. सफ्रुटिकोजा, ईजिप्त व अरबस्तानात इं. आर्टिक्युलॅटा आणि आफ्रिकेत व पुढे जावा बेटात इं. अरेक्टा या जातींपासून नीळ काढीत. यूरोपात हेच रंगद्रव्य मोहरीच्या कुलातील वोड (आयसॅटिस टिंक्टोरिया) या वनस्पतीपासून मिळवीत. पण तिच्यात त्याचे प्रमाण पुष्कळच कमी असते.

उपयोग : सुती, रेशमी व लोकरी कापड रंगविणे हा निळीचा मुख्य उपयोग होय. हळदीसारख्या पिवळ्या रंगाबरोबर तिच्यापासून हिरव्या आणि मंजिष्ठासारख्या तांबड्या रंगाबरोबर जांभळ्या छटा साधतात. हौदातून रंग काढून झाल्यावर उरलेला पाला व काटक्या उत्तम खत असून बिहारमध्ये त्यास सीठ म्हणत. काही प्रदेशांत भाताच्या शेतात नीळ हिरवळीचे खत म्हणूनही घेतात. आयुर्वेदात पाने व मुळे औषधी मानली असून केसांसाठी वापरले जाणारे नीलीभृंगादी तेल प्रसिद्ध आहे. मेंदीनंतर निळीच्या पानांची पूड लावून केस काळे करण्याची रीतही जुनी आहे. पांढऱ्या कपड्यांचा पिवळटपणा घालविण्यासाठी धुलाईत जी ‘नीळ’ देतात, ती आता बहुधा या वनस्पतीपासून केलेली नसते. अल्ट्रामरीन किंवा इतर कृत्रिम रंगांपासून ती तयार करतात व जुने नाव तेवढे टिकून आहे.

लागवड : निळीस उबदार, दमट हवा व पाण्याचा निचरा होणारी सुपीक जमीन मानवते, मुळाशी पाणी साचल्यास झाडे मरतात. लागवड बियांपासून करतात. बंगालमध्ये पेरणीचे दोन हंगाम असत. पुराचे पाणी ओसरल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत आणि वसंत ऋतूत उंचावरील नांगरटीच्या जमिनीत बी पेरीत. बिहारमध्ये पेरणी फेब्रुवारी–मार्चमध्ये होई. पहिली कापणी (मोरहन) पावसाळ्याच्या आरंभी व खोडव्याची दुसरी कापणी (खुंटी) ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये करीत. पानांतील रंगजनक द्रव्य फुलोऱ्याच्या सुमारास सर्वाधिक असते. म्हणून कापणीची वेळ फार काटेकोरपणे साधावी लागे. कापलेला पाला लगेच हौदात न पडल्यास रंग कमी येतो. पेरणी, कापणी व वाहतूक ही तीनही कामे भाताच्या कामांच्या वेळीच येत. पुढील सर्व तंट्यांचे एक मूळ या वेळापत्रकात होते.

रंगनिर्मिती : पाने हिरवी असतात, त्यांत निळा रंग तयार स्वरूपात नसतो. त्यांतील इंडिकॅन नावाचे ग्लुकोसाइड पाण्यात भिजल्यावर एंझाइमाच्या क्रियेने विघटित होऊन इंडॉक्सिल बनते व हवेतील ऑक्सिजनाशी संयोग पावून त्याचे इंडिगोटीन हे निळे रंगद्रव्य तयार होते. कारखान्यातील सर्व खटाटोप या दोन विक्रियांसाठी असे. पहिल्या हौदात पाल्याचे गठ्ठे रचून, वरून ओंडक्यांनी दाबून ते सु. ९ ते १४ तास भिजत ठेवीत. नंतर पिवळसर हिरवे पाणी खालच्या पातळीवरील दुसऱ्या हौदात सोडीत. तेथे कमरेइतक्या पाण्यात उभे राहून मजूर लाकडी वल्ह्यांनी ते दोन-तीन तास घुसळीत. पाणी हिरवे व मग निळे होई. चुन्याची निवळी मिसळून साका तळाशी बसू देत. वरचे पाणी काढून टाकल्यावर साका उकळून, गाळून, दाबून त्याच्या चौकोनी वड्या पाडीत व त्या सावलीत वाळवीत. ताज्या पाल्याच्या वजनाच्या मानाने मिळणारा रंग अर्ध्या टक्क्याहूनही कमी असे. अर्थात थोड्या मालासाठी फार मोठे क्षेत्र व फार मोठे मनुष्यबळ लागे.

इंडिगोटीन पाण्यात विरघळत नाही. कापड रंगविण्यासाठी क्षारयुक्त रांजणात आंबवून त्याचे क्षपण करावे लागते. अशा रांजणातून कापड बाहेर काढताना पिवळसर हिरवे दिसते व हवा लागताच पाहता पाहता निळे होते. रंग धाग्यातच अविद्राव्य होत असल्याने तो धुण्याने सहसा जात नाही. रांजण ‘लागला’ की नाही हे वासावरून, चवीवरून व फेसावरून ओळखण्याचे कौशल्य पिढीजात असे. महाराष्ट्रात हे काम करणाऱ्या रंगाऱ्यांची निराळी (निळारी) ही स्वतंत्र जात होती. तिचे नावच या व्यवसायावरून पडले आहे.

प्राचीन व मध्ययुगीन इतिहास : निळीने रंगविलेल्या कापडाचे ज्ञात असलेले सर्वांत जुने अवशेष पेरू देशातील वाका प्रिएता येथे सापडले असून ते सु. ६,००० वर्षांपूर्वीचे आहेत. यावरून ही कला जगाच्या निरनिराळ्या भागांत स्वतंत्रपणे उदयास आली असे दिसते. भारतात नीलीचे उल्लेख संस्कृत ग्रंथांत विपुल आहेत. मनुस्मृतीत ब्राह्मणाने विक्री करू नये अशा वस्तूंच्या यादीत मद्य व लाख यांबरोबर नीलीही येते. निळीच्या भांड्यात पडून रंगलेल्या व त्यायोगे राजा झालेल्या कोल्ह्याची पंचतंत्रातील कथा सर्वश्रुत आहे. रंगाऱ्याची भांडी गावोगाव परिचयाची असल्याखेरीज अशी कथा रुजणे कठीण.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात सिंधूच्या मुखावरील बार्बारिकोन बंदरातून निर्यात होणाऱ्या वस्तूंत या रंगाचा समावेश आहे. ग्रीकांनी व रोमनांनी त्यास ‘भारतातील’ एवढेच नाव दिले व त्यावरूनच इंडिगो हा शब्द आला. थोरल्या प्लिनीस हा रंग वनस्पतीपासून होतो हे ठाऊक नव्हते. बोरूला चिकटणारा तो एक प्रकारचा गाळ असावा असे त्याने लिहिले. संस्कृत नील शब्द अरबीत ‘अन्‌-नील’ व पोर्तुगीजमध्ये ‘अनिल’ झाला. तेराव्या शतकात मार्को पोलोने कोल्लम येथील नीळ तयार करण्याची पद्धत वर्णिली आहे.

मोगल काळात आग्र्याजवळील बयाना व अहमदाबादजवळील सरखेज ही निळीची दोन नामांकित क्षेत्रे होती. आइन-इ-अकबरीत दोहोंचा निर्देश आहे. फ्रान्सिस्को पेलसर्ट या डच व्यापाऱ्याने १६२६ मध्ये बयानाच्या पिकाचे तपशीलवार वर्णन केले असून एकाच पेरणीपासून घेतल्या जाणाऱ्या नौती, झियारी व कटेल या तीन कापण्यांची नावे दिली आहेत. त्यांपैकी दुसरीचा माल उत्तम समजत. बयानाची नीळ गोळ्यांच्या व सरखेजची चपट्या वड्यांच्या रूपात बाजारात येई. डच व इंग्रज ईस्ट इंडिया कंपन्या सुरतमार्गे ती यूरोपास पाठवीत.

या काळातील व्यवहाराचे एक वैशिष्ट्य पुढील घडामोडींच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. शेतकऱ्यास आगाऊ रक्कम देण्याची चाल तेव्हाही होती. तथापि मालास गिऱ्हाईक एकच नव्हते. देशी सराफ, इराणी व आर्मेनियन व्यापारी, डच व इंग्रज यांच्यात खरेदीसाठी चढाओढ असे. १६३३ मध्ये शाहजहानच्या दरबाराने निळीच्या खरेदीचा मक्ता मनोहरदास नावाच्या व्यापाऱ्यास दिला, तेव्हा डच व इंग्रज या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन खरेदी थांबविली व मक्ता लवकरच मोडीत निघाला. १६३०–३२ च्या भीषण दुष्काळाने गुजरातमधील उत्पादनास जबर धक्का बसला.

यूरोपात भारतीय निळीचे स्वागत सहज झाले नाही. वोडची लागवड करणारे शेतकरी व व्यापारी यांच्या हितासाठी जर्मनीत १५७७ मध्ये तिच्यावर बंदी घालण्यात आली व तिला सैतानाचा रंग ठरविण्यात आले. फ्रान्समध्ये चौथ्या हेन्रीने १६०९ मध्ये तिच्या वापरास देहान्त शिक्षा सांगितली. तरीही स्वस्त व गडद रंगापुढे हे निर्बंध टिकले नाहीत.

सतराव्या व अठराव्या शतकांत यूरोपीय सत्तांनी आपापल्या अमेरिकन वसाहतींत नीळ लावली. स्पेनने ग्वातेमाला व एल साल्वादोरच्या प्रदेशात, फ्रान्सने सँ दोमँग (हैती) येथे व इंग्रजांनी दक्षिण कॅरोलायनात मळे उभारले. दक्षिण कॅरोलायनातील लागवड १७४० नंतर इलायझा लूकस हिच्या प्रयोगांनी यशस्वी झाली. हैती व कॅरोलायना येथील मळे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत. अमेरिकेचे स्वातंत्र्य व १७९१ मधील हैतीचा उठाव यांमुळे हे पुरवठे तुटले आणि इंग्लंडच्या वाढत्या कापडधंद्यासाठी पुन्हा भारताकडे, परंतु या वेळी बंगालकडे, लक्ष वळले.

बंगालमधील नीळ : लुई बोनो या फ्रेंच गृहस्थाने १७७७ मध्ये चंद्रनगरजवळ पहिली कोठी घातली. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या उत्तेजनाने हा धंदा झपाट्याने वाढला. १७८८ मध्ये ब्रिटनमध्ये आयात होणाऱ्या निळीपैकी सु. ३० टक्के नीळ भारतातील होती. १८१० मध्ये हे प्रमाण ९५ टक्क्यांवर गेले. भारतात मिळविलेला पैसा मायदेशी नेण्याचे निळीची पेटी हे एक खात्रीचे साधन बनले. कलकत्त्याच्या व्यापारी पेढ्यांनी मळेवाल्यांना भरमसाट कर्जे दिली. लंडनमधील भाव कोसळताच त्या अडचणीत येत. १८३० मधील पामर आणि कंपनीची व १८४८ मधील युनियन बँकेची दिवाळखोरी ही याची ठळक उदाहरणे होत. भावातील या चढउतारांचा भार अखेर रयतेवर पडे.

लागवडीचे दोन प्रकार होते. ‘निज’ पद्धतीत मळेवाला स्वतःच्या ताब्यातील जमिनीवर मजूर लावून पीक घेई. यासाठी सलग जमीन, नांगर, बैल व नेमक्या वेळी मजूर मिळणे अवघड असल्याने हे क्षेत्र एकूण लागवडीच्या चतुर्थांशाहून कमीच राहिले. उरलेली लागवड ‘रयती’ पद्धतीने होई. रयतेस बिघ्यामागे सु. दोन रुपये उचल (दादन) देऊन साटा म्हणजे करारपत्र लिहून घेत व जमिनीचा ठराविक हिस्सा, बहुधा किमान चौथाई, निळीखाली ठेवण्याचे बंधन घालीत. कोठीवर पाला गठ्ठ्यांनी मोजला जाई. गठ्ठ्याभोवती साखळी आवळणारा माणूस कोठीचाच असे. बियाणे, मुद्रांक व गाडीभाडे यांची वजावट रयतेच्या खात्यातून होई. परिणामी वर्षअखेर बहुतेकांकडे बाकी निघे, तिच्यापोटी नवी उचल घ्यावी लागे व बापाची बाकी मुलाच्या नावे चढे. पिकाचा भाव मळेवाला ठरवी आणि दुसऱ्या गिऱ्हाइकास माल देण्याची सोय नव्हती. कारण एका कोठीच्या हद्दीत दुसरी कोठी खरेदी करीत नसे. सतराव्या शतकातील बयानाच्या शेतकऱ्याची व एकोणिसाव्या शतकातील नदिया जिल्ह्यातील रयतेची स्थिती यांतील मुख्य भेद हाच होय.

मळेवाल्यांना भाताची सर्वोत्तम जमीन हवी असे. निळीने जमिनीचा कस जातो अशी रयतेची तक्रार होती. ही वनस्पती शिंबावंत असल्याने ती तक्रार वरवर विसंगत वाटते. परंतु उभे पीक कापून कोठीवर जाई आणि भाताच्या हंगामात जमीन अडून राही, हे लक्षात घेता तिचा अर्थ स्पष्ट होतो. रयतेचे नुकसान न पिकलेल्या भाताचे होते.

कायदाही रयतेच्या बाजूस नव्हता. १८३० च्या विनियमाने निळीचा करार मोडणे हा फौजदारी गुन्हा ठरविण्यात आला; तो १८३५ मध्ये मागे घेतला गेला. १८३३ च्या सनदी कायद्याने यूरोपीयांना भारतात जमीन धारण करण्याची मुभा मिळाली. अनेक मळेवाले स्वतःच जमीनदार झाले व काहींना दंडाधिकाऱ्याचे अधिकारही मिळाले. लाठीवाल्यांकरवी मारहाण, गुरे नेणे व कोठीत डांबून ठेवणे असे प्रकार सर्रास होत.

नीळ उठाव : १८५९ मध्ये नदिया जिल्ह्यातील चौगाछा येथे दिगंबर विश्वास व विष्णुचरण विश्वास यांच्या पुढाकाराने रयतेने नीळ पेरण्याचे नाकारले. हे दोघेही पूर्वी कोठीच्याच नोकरीत होते. ही चळवळ जेसोर, पाबना व इतर जिल्ह्यांत वेगाने पसरली. हिंदू व मुसलमान रयत एकत्र आली. खेडोपाडी लाठीवाल्यांचा प्रतिकार झाला, स्त्रियाही भांडीकुंडी घेऊन त्यात उतरल्या. अनेक ठिकाणी गावप्रमुखांनी व काही जमीनदारांनी रयतेस साहाय्य केले. बारासातचे दंडाधिकारी ॲश्ली ईडन यांनी रयतेवर पेरणीची सक्ती करता येणार नाही, असा हुकूम त्याच वर्षी काढला होता व त्याची वार्ता गावोगाव पोहोचली होती. हिंदू पेट्रिअटचे संपादक हरिश्चंद्र मुखर्जी यांनी रयतेची बाजू सातत्याने मांडली.

शासनाने १८६० मध्ये प्रथम करारभंगाबद्दल शिक्षा देणारा सहा महिन्यांचा तात्पुरता कायदा केला आणि त्याचबरोबर सीटन-कार यांच्या अध्यक्षतेखाली नीळ आयोग नेमला. आयोगापुढे मळेवाले, अधिकारी, धर्मोपदेशक, जमीनदार व रयत अशा सर्वांच्या साक्षी झाल्या. फरीदपूरचे माजी दंडाधिकारी दलातूर यांनी इंग्लंडला जाणारी निळीची प्रत्येक पेटी मानवी रक्ताने डागाळलेली असते, अशा आशयाची साक्ष दिली. नीळ पिकविणे रयतेस परवडत नाही व ती सक्तीवाचून पिकत नाही, असा निष्कर्ष आयोगाने काढला. चालू करार पुरे करावेत. पुढे नीळ लावावयाची की नाही हे रयतेने ठरवावे, असे त्याचे म्हणणे होते. त्याच वर्षी बंगालचे नायब गव्हर्नर जॉन पीटर ग्रँट कुमार व कालीगंगा या नद्यांतून प्रवास करीत असता दोन्ही तीरांवर मैलोगणती उभ्या राहिलेल्या रयतेने न्यायाची मागणी केली. नव्या करारांची सक्ती थांबताच बंगालच्या अनेक जिल्ह्यांतून नीळ झपाट्याने हटली. मळेवाल्यांना मोकळ्या संमतीवर हा धंदा चालविता आला नाही, हाच आयोगाच्या निष्कर्षाचा पुरावा ठरला.

या उठावाच्या काळातच दीनबंधू मित्र यांचे नीलदर्पण हे नाटक १८६० मध्ये डाक्का येथे प्रसिद्ध झाले. त्याचे इंग्रजी भाषांतर प्रकाशित केल्याबद्दल जेम्स लाँग या मिशनऱ्यास १८६१ मध्ये एक महिना कैद व एक हजार रुपये दंड झाला. दंडाची रक्कम कालीप्रसन्न सिंह यांनी भरली. १८७२ मध्ये कलकत्त्याच्या नॅशनल थिएटरचा प्रारंभ याच नाटकाने झाला.

बिहार व तीनकठिया पद्धत : बंगालमधील ऱ्हासानंतर धंद्याचे केंद्र तिरहुतकडे, विशेषतः चंपारण जिल्ह्याकडे, सरकले. तेथे बेतिया संस्थानाच्या जमिनींचा मोठा भाग मळेवाल्यांनी ठेक्याने घेतला होता. त्यामुळे मळेवाला हाच कुळाचा धनी झाला. कुळाने दर बिघ्यातील वीसपैकी तीन कठ्ठे जमिनीवर नीळ लावावी असा दंडक होता; त्यास तीनकठिया म्हणत. त्यापूर्वी हे प्रमाण पाच कठ्ठ्यांपर्यंत होते. मोबदला पिकाच्या वजनावर नव्हे तर क्षेत्रावर ठरे आणि तोही अत्यल्प असे.

कृत्रिम नीळ : दरम्यान यूरोपातील प्रयोगशाळांत निळीचे भवितव्य ठरत होते. निळीच्या ऊर्ध्वपातनातून १८२६ मध्ये मिळालेल्या द्रवास पुढे पोर्तुगीज ‘अनिल’वरून अ‍ॅनिलीन हे नाव देण्यात आले व त्यापासूनच कृत्रिम रंगांचा मोठा उद्योग उभा राहिला. आडोल्फ फोन बायर यांनी १८६५ मध्ये निळीवर संशोधन सुरू केले, १८८० मध्ये तिचे संश्लेषण साधले व १८८३ मध्ये संरचना निश्चित केली. १९०५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कार्ल हॉइमान यांच्या पद्धतीवर आधारलेली कृत्रिम नीळ बीएएसएफ या जर्मन कंपनीने १८९७ मध्ये बाजारात आणली. त्या वर्षी वनस्पतीजन्य निळीचे जागतिक उत्पादन सु. १९,००० टन होते. १९१४ पर्यंत ते सु. १,००० टनांवर आले. मळेवाल्यांनी जावा नीळ आणून व पुसा येथील शास्त्रज्ञांचे साहाय्य घेऊन टिकाव धरण्याचा प्रयत्न केला. परंतु नव्या जातीस मर रोगाने ग्रासले आणि कृत्रिम निळीची शुद्धता व स्वस्ताई गाठता आली नाही.

चंपारणचा लढा : भाव पडल्यावर नीळ बंद होणे हे कुळांच्या हिताचे होते. प्रत्यक्षात मळेवाल्यांनी या सुटकेचीही किंमत वसूल केली. बंगाल कुळकायद्यात (१८८५) खंडवाढीस मर्यादा होती. परंतु विशिष्ट पीक घेण्याच्या बंधनातून कुळास मोकळे केल्यास ती मर्यादा लागू होत नसे. या तरतुदीचा आधार घेऊन कुळांकडून वाढीव खंडाचे (शरहबेशी) करार लिहून घेण्यात आले. जेथे असे करार शक्य नव्हते, तेथे रोख रक्कम (तावान) घेण्यात आली. ज्या पिकाने तोट्याशिवाय काही दिले नव्हते, ते न पेरण्यासाठीही कुळांना कर्ज काढावे लागले. १९०७–०८ मध्ये बेतियाच्या परिसरात यामुळे दंगे झाले. पहिल्या महायुद्धात जर्मन रंगांची आयात थांबून भाव वाढताच काही मळेवाल्यांनी पुन्हा निळीची सक्ती सुरू केली.

डिसेंबर १९१६ मध्ये लखनौच्या काँग्रेस अधिवेशनात चंपारणचे शेतकरी राजकुमार शुक्ल यांनी महात्मा गांधींची भेट घेतली. चंपारण कोठे आहे हेही गांधींना तेव्हा नीटसे ठाऊक नव्हते. १५ एप्रिल १९१७ रोजी ते मोतीहारीस पोहोचले. जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही व १८ एप्रिल रोजी न्यायालयात आपली अवज्ञा कबूल केली. काही दिवसांतच खटला काढून घेण्यात आला. राजेंद्र प्रसाद, ब्रजकिशोर प्रसाद, अनुग्रह नारायण सिंह इ. वकिलांच्या साहाय्याने हजारो कुळांचे जबाब उलटतपासणी करून नोंदविण्यात आले. जून १९१७ मध्ये एफ्. जी. स्लाय यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली व गांधी तिचे सदस्य झाले. समितीने तीनकठिया पद्धत रद्द करावी, शरहबेशीत कपात करावी व वसूल केलेल्या तावानाचा चौथा हिस्सा परत करावा, अशा शिफारशी केल्या. तदनुसार १९१८ मध्ये चंपारण कृषिविषयक कायदा संमत झाला. परतफेडीची रक्कम थोडी असली, तरी घेतलेला पैसा मळेवाल्यांना परत करावा लागतो ही गोष्ट कुळांनी प्रथमच पाहिली.

या कार्यात महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांचाही वाटा होता. जिल्ह्यात काढलेल्या शाळांपैकी बडहरवा येथील शाळेत मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले व त्यांचे पती बबनराव गोखले यांनी काम केले. पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन आल्या. भारत सेवक समाजाचे डॉ. हरि श्रीकृष्ण देव यांनी औषधोपचार व ग्रामस्वच्छतेचे काम पाहिले. अवंतिकाबाईंनी पुढे १९१८ मध्ये गांधींचे मराठी चरित्र लिहिले व त्यास लोकमान्य टिळकांची प्रस्तावना लाभली.

सद्यःस्थिती : इंडिगोटीनचा आजचा सर्वांत मोठा वापर डेनिम कापडासाठी होतो व त्यासाठी लागणारा माल जवळजवळ सर्वस्वी कृत्रिम असतो. या रंगकामात वापरल्या जाणाऱ्या क्षपणकारी रसायनांमुळे सांडपाण्याचे प्रश्न निर्माण झाले असून सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने इंडिगोटीन मिळविण्याचे प्रयत्न चालू आहेत. भारतात तमिळनाडू व आंध्र प्रदेशाच्या काही भागांत निळीची मर्यादित लागवड होते. कच्छमधील अजरख व राजस्थानातील दाबू छपाई करणारे कारागीर नैसर्गिक रंगांच्या वाढत्या मागणीमुळे तिचा पुन्हा वापर करू लागले आहेत. जमिनीस नायट्रोजन देणारे, हिरवळीचे खत होणारे व शेवटी रंगही देणारे हे पीक फेरपालटीच्या शेतीत उपयुक्त ठरू शकते. बंगाल व चंपारणच्या इतिहासात निळीवर आलेला ठपका वस्तुतः वनस्पतीवर नसून तिच्याभोवती उभारलेल्या करारपद्धतीवर होता. या पिकाचा भाव व क्षेत्र ठरविण्यात शेतकऱ्यास वाटा राहतो की नाही, यावरच त्याच्या पुनरुज्जीवनाचे मूल्य अवलंबून आहे.